अंगठा आधी, बोटं नंतर: टेनपिन बोलिंगमधला रिलीज

(या भागाचं शब्दांकन. बोलण्याच्या ओघातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

तुमचे जे प्रश्न येतात ना, त्यातले बरेचसे फिरून फिरून एकाच जागी येऊन थांबतात. "दोन वर्षं खेळतोय, पण स्कोअर १२०-१३०च्या पुढे सरकत नाही." "कधी चेंडू छान वळतो, कधी अजिबात नाही." "अंगठा सोलवटतो." आणि चौथा, जरा काळजीचा, "खेळून आलं की दोन दिवस मनगट दुखतं." वरवर पाहिलं तर चार वेगळ्या तक्रारी आहेत. पण चौघांचीही सुरुवात बहुतेक वेळा एकाच ठिकाणी होते: चेंडू हातातून सुटतो कसा. म्हणजेच रिलीज. आजचा अख्खा भाग त्यावर.

एक सूचना आधीच देतो. मी सगळं उजव्या हाताच्या खेळाडूच्या बाजूने सांगणार आहे. डावखुऱ्या मंडळींनी प्रत्येक वाक्यासमोर आरसा धरायचा.

तर, रिलीजला एवढं महत्त्व का? जोरात मारला की झालं, असं नाही का चालत? थोडा हिशेब करू. फाउल लाइनपासून पहिल्या पिनपर्यंत लेन आहे ६० फूट. एक पिन दीड किलोपेक्षा थोडी जड. दहा पिना म्हणजे १५-१६ किलो झाले. आणि चेंडू? नियमाप्रमाणे जास्तीत जास्त १६ पौंड, म्हणजे साधारण सव्वासात किलो. आपण हौशी लोक १० ते १३ पौंडांचा घेतो, म्हणजे साडेचार ते सहा किलो. याचा अर्थ पिनांचं एकत्रित वजन चेंडूच्या दुपटीहून जास्त आहे. चेंडू पिनांना ढकलतो, तशा पिनाही चेंडूला बाजूला ढकलतात. नुसत्या ताकदीचा हा मामला नाही.

आदर्श स्ट्राइकमध्ये चेंडू स्वतः फक्त चार पिनांना लागतो: १, ३, ५ आणि ९. बाकीच्या सहा पिना पिनाच पाडतात. १ नंबर २ ला पाडते, २ पाडते ४ ला, ४ पाडते ७ ला. दुसऱ्या बाजूला ३ पाडते ६ ला आणि ६ पाडते १० ला. मधली ५ जाऊन ८ ला घेते. ही साखळी जुळायची तर चेंडू १ आणि ३ च्या मधल्या जागेत, म्हणजे पॉकेटमध्ये, तिरका शिरायला हवा. साधारण ६ अंशांचा कोन सर्वांत चांगला मानतात. आता लेन जेमतेम साडेतीन फूट रुंद. तुम्ही अगदी उजव्या कडेला उभं राहून सरळ चेंडू टाकलात तरी पॉकेटमध्ये शिरतानाचा कोन दोन अंशांपर्यंतही पोचत नाही. म्हणून चेंडू शेवटी वळावा लागतो. त्यालाच आपण हुक म्हणतो. आणि हुकचं बी पेरलं जातं ते रिलीजच्या क्षणी.

वळतो कसा, तेही बघू. लेनवर तेल असतं, हे बऱ्याच जणांना वर्षभर खेळूनही माहीत नसतं. सुरुवातीच्या ३८-४० फुटांवर तेलाचा पातळ थर दिलेला असतो, पुढचा भाग कोरडा. चेंडूचा व्यास साडेआठ इंच, म्हणजे परीघ जवळजवळ २७ इंच. ६० फुटांत तो अजिबात न घसरता गडगडत गेला तर किती फेऱ्या होतील? ७२० भागिले २७. सत्तावीसच्या आसपास. पण आपल्या हातातून सुटताना त्याची फिरण्याची गती त्याच्या पुढे जाण्याच्या गतीपेक्षा कमी असते. म्हणून तेलावर तो आधी घसरतो. कोरड्या भागात पोचला की पृष्ठभागाला पकड मिळते आणि ज्या दिशेने तो फिरत असतो त्या दिशेला वळायला लागतो. मग शेवटी नीट गडगडतो. घसरणं, वळणं, गडगडणं, असे तीन टप्पे. यातल्या एकाही टप्प्यात तुमचा हात नसतो. तुम्ही फक्त चेंडूला फिरकी देऊन पाठवलेलं असतं, पुढचं काम तेल आणि लाकूड करतं.

क्रिकेट बघणाऱ्यांना हे पटकन कळेल. उजव्या हाताच्या लेगस्पिनरचा चेंडू गोलंदाजाच्या बाजूने पाहिलं तर उजवीकडून डावीकडे वळतो. आपला हुकही त्याच दिशेचा. तिथे टप्पा पडल्यावर खेळपट्टी चेंडूला पकडते, इथे तेल संपल्यावर लेन पकडते. फिरकी हातातच द्यावी लागते, दोन्हीकडे.

आता मुद्द्यावर येऊ. हातात नेमकं काय घडायला हवं?

एका वाक्यात सांगायचं तर अंगठा आधी बाहेर, बोटं नंतर. चेंडू झोक्याच्या सगळ्यात खालच्या जागी येतो, तुमच्या डाव्या घोट्याच्या आसपास. तिथे अंगठा भोकातून निसटतो. आता चेंडूचा भार क्षणभर मधल्या बोटावर आणि अनामिकेवर येतो. ही दोन बोटं चेंडूच्या खाली आणि किंचित बाजूला असतात, आणि तीही सुटताना चेंडूला फिरवून जातात. सगळी फिरकी या क्षणभराच्या अंतरातून येते. अंगठा आणि बोटं एकदम सुटली, तर चेंडू नुसता पुढे जातो. अंगठा उशिरा सुटला, तर चेंडू वर उचलला जातो आणि लेनवर 'धप्प' करून पडतो. बोटं आधी सुटली, तर काही उरलंच नाही.

बोटं कुठे असायला हवीत? मागून पाहताना चेंडूवर घड्याळ आहे असं समजा. अंगठा १० किंवा ११ वर, बोटं ४ किंवा ५ वर. म्हणजे एखाद्याशी हस्तांदोलन करायला हात पुढे करतो ना, साधारण तसाच तळवा. झोका मागे जातानाही तसाच, पुढे येतानाही तसाच. मुद्दाम काही पिळायचं नाही. अंगठा निसटला की बोटं बाजूला असल्यामुळे फिरकी आपोआप मिळते. आणि स्पेअरसाठी सरळ चेंडू हवा असेल तर अंगठा १२ वर, तळवा पिनांकडे. बस.

इथे सगळ्यात मोठी गडबड होते. लोकांना वाटतं, वळवायचा आहे तर मनगट फिरवायला हवं. मग हात चेंडूच्या वरून फिरतो, अंगठा १० वरून ७-८ वर जातो, तळवा जमिनीकडे होतो. बघायला मोठं ऐटबाज वाटतं. पण चेंडूचं काय होतं? तो भोवऱ्यासारखा फिरायला लागतो. भोवरा जागच्या जागी कितीही जोरात फिरू दे, त्याला जमीन धरत नाही, कारण त्याची आरी तेवढीच टेकलेली असते. चाकाचं तसं नाही. चाक फिरलं की रस्ता धरतं. आपल्याला चेंडू चाकासारखा हवा, थोडा तिरका धरलेला. भोवरा नको.

आणि इथेच मनगटाचं दुखणं सुरू होतं. बहुतेक सेंटरमध्ये जो हाउस बॉल मिळतो, त्याचं बाहेरचं कवच प्लास्टिकचं असतं. ते तेलावरून घसरत जातं, कोरड्या भागातही फार पकड घेत नाही. टीव्हीवर जे मोठे हुक दिसतात ते रिॲक्टिव्ह रेझिनच्या चेंडूंचे. १९९०च्या दशकात ते आले आणि खेळच बदलला. हाउस बॉल घेऊन तसा हुक मारायचा प्रयत्न म्हणजे गुळगुळीत टायरवर चिखलातून गाडी काढण्यासारखं. चेंडू वळत नाही, म्हणून माणूस आणखी पिळतो. तरी वळत नाही, आणखी पिळतो. पाच-सहा किलोचा भार, पूर्ण झोक्यात आणि वर मनगट पिळलेलं. तीन-चार गेममध्ये साठ-सत्तर वेळा. दुखणार नाही तर काय होईल! तेव्हा हाउस बॉल थोडासाच वळला तरी तुमचा रिलीज चांगला असू शकतो. आणि दुखणं आठवडाभरात गेलं नाही, तर व्हिडिओ बघत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

आता एक अडचण. मी म्हटलं, अंगठा आधी, बोटं नंतर. पण हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं. त्या क्षणी "आता अंगठा, आता बोटं" असा विचार करून कुणालाही काही करता येत नाही. मग सुधारायचं कसं? तर रिलीजच्या आधीचं सुधारायचं. अंगठ्याला निसटायला काही अडथळाच राहिला नाही तर तो आपोआप आधी निसटतो. आपण फक्त अडथळे काढायचे. असे चार अडथळे आहेत.

पहिला, चेंडूचं माप. आपण रॅकवरून चेंडू कसा निवडतो? रंग बघून, नाहीतर वजन बघून. अंगठ्याचं भोक शेवटी बघतो. उलट करा. अंगठा मुळापर्यंत आत घाला आणि गोल फिरवून बघा. कातडीला सगळीकडून हलका स्पर्श व्हायला हवा, पण काढताना ओढावं लागू नये. भोक सैल असलं की चेंडू पडेल या भीतीने आपण अंगठा वाकवतो आणि दाबतो. वाकवलेला अंगठा वेळेवर सुटत नाही. सोलवटलेल्या अंगठ्याचं कारण बहुतेक वेळा हेच. मग बोटांचं अंतर. अंगठा आत ठेवून दोन बोटं भोकांवरून आडवी पसरा. बोटांच्या मधल्या सांध्याची घडी भोकाच्या आतल्या कडेच्या किंचित पुढे पडली पाहिजे. फार ताणलं जात असेल तर दुसरा चेंडू घ्या. वजनासाठी आपल्या वजनाच्या एक दशांश हा ढोबळ नियम सांगतात, पण तो फक्त सुरुवातीपुरता. पाच फ्रेमनंतर खांदा ओढतोय असं वाटलं तर एक पौंड कमी करा, त्यात कसलाही कमीपणा नाही.

ज्यांचा स्वतःचा चेंडू आहे त्यांच्यासाठी: अंगठा दिवसभर एकाच मापाचा नसतो. उकाड्यात, दमट हवेत फुगतो, एसीत आक्रसतो. मुंबईच्या पावसाळ्यात बाहेरून घामाघूम येऊन लगेच खेळायला लागलात तर हे हमखास जाणवतं. म्हणून खेळाडू अंगठ्याच्या भोकात आत टेपच्या पट्ट्या लावतात. सैल वाटलं की एक लावायची, घट्ट वाटलं की एक काढायची.

दुसरा अडथळा, पकड. चेंडू डाव्या हातावर पेलून धरायचा, उजव्या हातात तो नुसता अडकवलेला हवा. पाण्याने भरलेली बादली उचलताना आपण कडी आवळत नाही, बोटांत अडकवतो. तसंच. मुठीची ताकद दहापैकी तीन-चार. उभं असतानाच जबडा आवळलेला असेल तर हातही आवळलेलाच असतो. श्वास सोडा, मग पाऊल टाका.

तिसरा, झोका. हात म्हणजे दोरी, चेंडू म्हणजे लंबक. बागेतला झोपाळा वरून खाली येताना त्याला कुणी ढकलत नाही, तो स्वतःच वेग घेतो. आपण मात्र मागे गेलेला हात खाली येताना ढकलतो. ढकललं की दंडाचे स्नायू आवळतात, दंड आवळला की मूठ आवळते, आणि अंगठा अडकतो. वेग जास्त हवा असेल तर चेंडू सुरुवातीला थोडा उंच धरा, पावलं थोडी भरभर टाका. हाताने जोर नको.

चौथा, पाय. चार पावलांचा अप्रोच घेतला तर पहिलं पाऊल उजवं, त्याच वेळी चेंडू पुढे. दुसऱ्या पावलाला चेंडू खाली येऊन मागे निघतो, तिसऱ्याला मागे सर्वांत उंच, चौथ्याला डावा पाय घसरत पुढे जातो आणि चेंडू सुटतो. त्या वेळी डावा गुडघा वाकलेला हवा. गुडघा ताठ राहिला तर हात जमिनीपासून फूटभर वर राहतो, मग चेंडू ठेवता येत नाही, टाकावाच लागतो. फाउल लाइन ओलांडायची नाही, हे सांगायला नको. नियमाचं राहू दे, पलीकडे तेल आहे, पाय घसरला तर गुडघ्याचं काही खरं नाही.

आता स्वतःची तपासणी. याला प्रशिक्षक लागत नाही.

चेंडू परत आला की त्याच्यावर तेलाची रेघ बघा. ही रेघ म्हणजे तुमच्या रिलीजची सही. ती गोल भोकांपासून फार लांब, छोटीशी असेल तर चेंडू भोवरा झाला, हात वरून फिरतोय. रेघ अंगठ्याच्या आणि बोटांच्या भोकांच्या जरा बाहेरून जात असेल तर उत्तम. ती अंगठ्याच्या आणि बोटांच्या भोकांच्या मधून जात असेल तर हात उलट्या बाजूने फिरतोय का ते बघा. दुसरं, आवाज ऐका. 'धप्प' आला की अंगठा उशिरा सुटला किंवा गुडघा वाकला नाही. चांगला रिलीज जवळजवळ बिनआवाजाचा असतो. तिसरं, मित्राला मोबाइलवर बाजूने स्लो मोशनमध्ये काढायला सांगा. तुम्हाला फक्त एवढंच बघायचंय की चेंडू घोट्यापाशी सुटतो की गुडघ्यापाशी.

सराव तीन प्रकारचा. पहिला घरी. व्हॉलीबॉल घ्या, त्यावर मार्करने एक गोल रेघ काढा. उजवा गुडघा जमिनीवर टेकून बसा आणि चेंडू हस्तांदोलनाच्या हाताने हळू सोडा. रेघ डगमगली तर फिरकी गोंधळलेली आहे. रेघ स्थिर, किंचित तिरकी दिसली तर झालं. रोज दहा मिनिटं पुरतात. दुसरा लेनवर. फाउल लाइनपाशी डावा पाय पुढे घेऊन उभं राहायचं, पावलं न टाकता एकच झोका आणि रिलीज. पिना किती पडल्या ते बघायचंच नाही. तिसरा, हलका चेंडू घेऊन अंगठा बाहेर ठेवायचा, चेंडू तळव्यावर आणि मनगटावर पेलायचा, आणि छोट्या झोक्याने सोडायचा. अंगठा मुळात नसताना बोटं कशी काम करतात ते हाताला कळतं. आठ-दहा चेंडू, जास्त नाही.

हा तिसरा सराव म्हणजे काही जणांचा पूर्ण खेळच आहे. ऑस्ट्रेलियाचा जेसन बेलमोंटे अंगठा घालतच नाही, दोन हातांनी खेळतो. लहानपणी आईवडिलांच्या बोलिंग सेंटरमध्ये चेंडू जड व्हायचा म्हणून त्याने दोन्ही हात लावले आणि ती सवय पुढेही ठेवली. आज व्यावसायिक बोलिंगमध्ये सर्वाधिक मेजर स्पर्धा जिंकण्याचा विक्रम त्याच्या नावावर आहे. अंगठ्याचा अडथळाच त्याने काढून टाकला.

आणि दुसऱ्या टोकाला वॉल्टर रे विल्यम्स ज्युनिअर. त्याचा चेंडू इतरांच्या मानाने पुष्कळ सरळ जायचा. पण पीबीए टूरवर ४७ विजेतेपदं! हाच माणूस हॉर्सशू, म्हणजे घोड्याचा नाल खुंटीवर फेकण्याच्या खेळात सहा वेळा जगज्जेता. तोही खालून हात आणून वस्तू सोडायचाच खेळ. मोठी फिरकी नव्हती, पण प्रत्येक वेळी तोच हात, तीच जागा, तोच क्षण.

म्हणून मी सांगेन, पुढचे चार आठवडे हुक किती झाला ते मोजू नका. सलग दहा चेंडूंपैकी किती चेंडूंची तेलाची रेघ एकाच जागी आली, ते मोजा. दहापैकी सात आल्या की स्कोअर स्वतःच हलायला लागेल. आपण बोलताना म्हणतो, "चेंडू टाक." या खेळात टाकायचा नसतो, सोडायचा असतो.

पुढच्या भागात १० नंबरची पिन, म्हणजे उजव्या कोपऱ्यातली ती हट्टी एकटी पिन, तिच्यावर बोलू. तुमच्या चेंडूवरच्या तेलाच्या रेघेचे फोटो काढून ठेवा, प्रश्न विचारताना उपयोगी पडतील. भेटू. नमस्कार.